एकाच रक्ताचे तीन रिपोर्ट

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (आठांपैकी सहाच अंगं टेकली असं समज, दोन्ही गुडघे रजेवर आहेत.) दाजींचा खोकला उतरला असेल आणि तू त्यांना अजूनही बोलू देत नसशील, असं धरून चालतो. आधी मुद्द्याचं सांगतो, म्हणजे पुढचं तू स्वस्थ बसून वाचशील. तुझ्या चिरंजीवांच्या मोबाइलवर त्यांची किडनी शंभरात एक्कावन्न चालते असा जो रिपोर्ट आला, त्यातली किडनी त्यांची नाही. माझी आहे. परवा तुझे अकरा फोन मी उचलले नाहीत, कारण हे प्रकरण फोनवर मावणारं नाही.

झालं असं, की वार्षिक तपासणीत माझं क्रिएटिनिन एक पूर्णांक आठ निघालं. आमच्या डॉक्टरीणबाई माझ्यापेक्षा तीस वर्षांनी लहान, पण समजावून सांगतात बरं. स्नायूंच्या कामातून हा कचरा तयार होतो, किडनी तो गाळून लघवीत टाकते, आणि रक्तात तो जास्त सापडला म्हणजे गाळणी मंदावली. इथवर पटलं. मग त्यांनी कागदावर खाली असलेल्या ईजीएफआर नावाच्या दुसऱ्या आकड्याभोवती पेनाने गोल केला. बेचाळीस. म्हणाल्या, किडनी साधारण शंभरात बेचाळीस काम करते असा अंदाज आहे. अंदाज! हा शब्द मी बरोबर टिपला. माझे कान त्यासाठीच आहेत.

ताई, तुला ठाऊक आहे, चौदाव्या वर्षी मी एका काटे दुरुस्त करणाऱ्याकडे झाडू मारायला लागलो आणि आज सोनारापासून भंगारवाल्यापर्यंत सगळ्यांचे वजनकाटे माझ्या टेबलावरून जातात. काट्याचा संशय आला तर आमच्या धंद्यात भांडत बसत नाहीत. तेच वजन आणखी दोन काट्यांवर ठेवून बघतात. मी तेच केलं. हिच्या थायरॉइडसाठी रक्त न्यायला एक गृहस्थ घरी येणारच होते, त्यांना म्हटलं, माझ्याही तीन बाटल्या भरा आणि तीन वेगवेगळ्या लॅबना द्या. पण लॅबवाले एकमेकांच्या ओळखीचे असतात. माझं नाव दिसलं की जुनाच आकडा उतरवून मोकळे होतील, हा धोका. म्हणून एका बाटलीवर माझं नाव घातलं, दुसरीवर तुझ्या मुलाचं, तिसरीवर हिचं. वयंही ज्याची त्याची. मोबाइल नंबरसुद्धा अगदी खरे लिहिले. (एवढाच एक प्रामाणिकपणा केला, आणि तोच नडला.)

रिपोर्ट आले. क्रिएटिनिन तिन्हीकडे एक पूर्णांक आठ. तीन काटे एक बोलले म्हणजे वजन तेवढंच, असं मी स्वतः गिऱ्हाइकांना सांगत असतो, तेव्हा इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण खालचा आकडा बघ: मी बेचाळीस, भाचा एक्कावन्न, ही एकतीस. रक्त एकाच दंडातलं! तिन्ही कागद घेऊन मी दवाखान्यात गेलो आणि टेबलावर पत्ते मांडतात तसे मांडले.

बाईंनी तिन्ही कागदांवरची नावं आणि वयं वाचली. मग म्हणाल्या, "काका, भाच्याचं वय लावलं म्हणून तुमची किडनी तरुण होत नाही."

"माझा एकही काटा गिऱ्हाइकाचं वय विचारत नाही," मी म्हटलं.

"काटा वजन मोजतो. इथे मोजलंय फक्त क्रिएटिनिन. खालचा आकडा त्यावरून, वय आणि बाई की पुरुष हे बघून काढलेला हिशोब आहे. बाईच्या अंगात स्नायू कमी, कचरा कमी. तरी एवढा साठला, म्हणजे तिची किडनी जास्तच मंदावली असणार. म्हणून एकतीस."

मी स्वच्छ सांगितलं, की असल्या हिशोबावर मला कोणी आजारी ठरवायचं नाही. त्या म्हणाल्या, त्याही ठरवत नाहीत; पण लघवीतून थोडं प्रोटीन गळतंय, तेव्हा तीन महिन्यांनी पुन्हा बघू, तोवर गुडघेदुखीच्या गोळ्या किडनीला बाधतात म्हणून बंद, आणि मीठ कमी. मी म्हटलं, गोळ्यांशिवाय मला काट्यापुढे उकिडवं बसता येत नाही आणि मिठाशिवाय जेवता येत नाही, तुमचा सल्ला तुमच्यापाशी ठेवा. आणि उठून आलो. (उठायला दोन मिनिटं लागली, त्यामुळे रुबाब थोडा कमी झाला.)

घरी आलो तर ही मोबाइल मांडीवर घेऊन बसलेली. दूध आलं नाही हे सांगावं तशा आवाजात म्हणाली, "माझी किडनी एकतीस आलीय." मी तोंड उघडलं. तर म्हणते, "आता मला मीठ बंद. दोन वेगळ्या भाज्या करायचं त्राण नाही माझ्यात, तुम्हीही तेच खा." मी खातो. मग म्हणाली, "तुमच्या त्या गोळ्या समोर दिसल्या तर माझाही हात जाईल." मी त्या फेकून दिल्या. आज नववा दिवस. पण दाजींना बजावून सांग, मी डॉक्टरांपुढे नमलेलो नाही आणि नमणारही नाही. बायकोला जेवताना सोबत करतो आहे, एवढंच.

तुझा धाकटा भाऊ
(किडनी वादग्रस्त)

ता. क. काल हिने मला डबे दाखवले. साखर कुठे, डाळ कुठे, गॅसवाल्याचा नंबर कुठे चिकटवलाय. "तुम्हाला माहीत असलेलं बरं," म्हणाली. ताई, मी वजनमाप खात्याच्या भल्याभल्या इन्स्पेक्टरांशी हुज्जत घातली आहे, पण काल मी डाळीचा डबा साखरेच्या जागी ठेवून बाहेर आलो. नऊ दिवसांत चार वेळा सांगायला गेलो आणि पाणी पिऊन परत आलो. तू ये. ती किडनी माझी आहे हे तिला तू सांग. तुझं ती ऐकून घेते. पहिला अर्धा तास आमच्या दोघांच्या मध्ये बस.

ता. क. २. वन्सं, पाकिटाचा डिंक वाळेपर्यंत हे आडवे झालेत, म्हणून चार ओळी माझ्या. ते रक्तवाले "वहिनींच्या नावाची बाटली तुमच्याच रक्ताने भरायची ना?" असं दोनदा मोठ्याने विचारत होते, आणि मी शेजारच्याच खोलीत होते. रिपोर्ट आला त्या रात्री चांगलं फैलावर घेणार होते यांना. पण यांनी बिनमिठाची भाजी निमूट खाल्ली आणि वर पुन्हा मागितली. स्वतःसाठी या माणसाने आजवर एक गोळी सोडलेली नाही. माझ्यासाठी सगळ्या सोडल्या. तुम्ही जरूर या, चार दिवस राहा, गुडघ्याला शेकायला काही चांगलं असेल तर घेऊन या. पण यांना काही बोलू नका. पुढच्या तपासणीला अजून अकरा आठवडे आहेत. तोवर किडनी माझीच राहू दे.