खाली शून्य

सोमवार, ५ फेब्रुवारी १९९६

खर्च आधी लिहितो, म्हणजे पुढची फुशारकी कुणाला खोटी वाटणार नाही. फ्लॉप्या दोन, पन्नास रुपये. बारामती ते इंदापूर एसटी, जाऊन-येऊन छत्तीस. पुण्याच्या ज्या मित्राने बहुरूपी नावाचा प्रोग्राम दिला त्याला दोन किलो पेरू, वीस. वाटेत मिसळ, बारा. एकूण एकशे अठरा. हेच काम पुण्याच्या कंपनीने साठ हजारांना सांगितलं होतं.

आज म्हाळसा उपसा सिंचन संस्थेत दाखल झालो. महिन्याचा करार. राहायला ऑफिसच्या मागची खोली, खिडकीतून उजनीचं पाणी पार क्षितिजापर्यंत. चेअरमन आबासाहेबांनी स्वतः चहा पाजला आणि म्हणाले, बुधवारी बटण दाबायला पाहुणे येणारेत, माझी लाज राख. म्हटलं, मानसिंगने हात लावलेलं यंत्र आजवर बंद पडलेलं नाही. रेडिओ दुरुस्तीपासून वर आलेला माणूस आहे मी. नुसत्या खरखरीवरून कुठला व्हॉल्व्ह गेला ते सांगायचो. कान हीच माझी डिग्री.

काम असं आहे. नदीतलं पाणी मोटरी उचलतात, ते कुणाच्या उसाला कधी सोडायचं त्याच्या पाळ्या एक प्रोग्राम सांभाळतो, आणि मोटरी चालू-बंदही तोच करतो. वालचंदनगरच्या एका साहेबांनी तो अकरा वर्षांपूर्वी लिहिला. साहेब आता हयात नाहीत. ज्या मशीनसाठी लिहिला ते मशीनही मरणपंथाला लागलंय. फ्लॉपी फिरली की जात्यासारखं घरघरतं, आणि दिवसातून तीन-चारदा अडून बसतं. संस्थेने नवं मशीन घेतलं, पण जुन्या मशीनचा प्रोग्राम नव्यात टाकला तर ते ढिम्म. दोघांची जातकुळी वेगळी.

त्यावर इलाज म्हणजे बहुरूपी. नव्या मशीनमध्ये चालणारा असा प्रोग्राम, की जो हुबेहूब जुन्या मशीनचं सोंग घेतो. आतला प्रोग्राम फसतो, आपण जुन्याच घरी आहोत समजून कामाला लागतो. आमच्या वडिलांची मेंढरं होती. मेंढीचं कोकरू मेलं की त्याचं कातडं सोलून ते पोरक्या कोकराच्या पाठीवर बांधायचे. मेंढी हुंगायची, आपलंच म्हणून पाजायची. मी तेच करतोय. फक्त मेंढी इंग्रजी शिकलेली आहे.

मंगळवार, ६ फेब्रुवारी

दुपारी तीनला प्रोग्राम नव्या मशीनवर चालला! घरघर नाही, काही नाही. स्क्रीनवर इंग्रजी अक्षरांत साहेबांचं मराठी जसंच्या तसं.

एकच अडचण. मोटर चालू करण्याआधी प्रोग्राम विचारतो, खाली किती? आणि थांबून राहतो. हा प्रश्न कुणाला, ते गेणबाने सांगितलं. गेणबा म्हणजे इथला पंपावरचा माणूस, साठीचा, काटक. मोटरी बसवलेल्या विहिरीला इथं जॅकवेल म्हणतात. तिच्या तळाला जाळी आहे, तिला जलपर्णी अडकली की हा बुड्या मारून, मधेमधे पायरीवर दम खात, काढतो. उतरताना काठावरचं बटण दाबतो, वर आला की परत दाबतो. त्या बटणाची वायर जुन्या मशीनला. खाली एक असेल तर प्रोग्राम मोटर लावत नाही. शिवाय गेणबाचा वायरीवर भरवसा नाही, म्हणून तो पाइपावर पान्याने टोलेही देतो. उतरताना एक, वर आल्यावर दोन. पाइप ऑफिसवरूनच जातो. आबासाहेबांना ते टोले कधी ऐकू आले नाहीत. मला पहिल्या दिवशीच आले.

बोलता बोलता त्याने मला ओळखलं. म्हणाला, तुमी मेंढक्याचंच की वो! आमीबी त्यातलंच. मग मी कातड्याची गोष्ट सांगितली तर खो खो हसला आणि म्हणाला, मानसिंगराव, कातडं चार दिसांत कुजतं. मग मेंढी हुंगती आन् घालती लाथ. जाताना वळून म्हणाला की बाकी काय बी करा, तेवढी माझी वायर इसरू नका. मी म्हणालो, बघतो.

नव्या मशीनला त्या वायरीची खोबणच नाही. पुण्याहून तसली खोबण असलेलं कार्ड आणावं लागेल, आठवडा जाईल. पाहुणे उद्या. म्हणून आठवड्यापुरतं असं केलं की प्रोग्रामने विचारलं, खाली किती, की बहुरूपीनेच सांगायचं, शून्य. पाहुणे गेले की गेणबाला सांगतो.

बुधवार, ७ फेब्रुवारी

हार, पेढे, भाषण. पाहुण्यांनी कळ दाबली, मोटरी गर्जल्या, पाटात पाणी. आबासाहेबांनी सगळ्यांसमोर पाठीवर थाप मारली. जुनं मशीन स्टोअरच्या खोलीत, गोणपाटाखाली. त्याची वायर सोडायचीही घाई केली नाही.

रविवार, ११ फेब्रुवारी

पाच दिवस झाले. जुनं दिवसातून चारदा अडायचं, माझं एकदाही अडलं नाही. काटेवाडीहून दोघं मुद्दाम बघायला आले होते, त्यांनाही हेच सांगितलं. एकशे अठरा रुपयांचा आकडा ऐकून त्यांनी तोंडात बोट घातलं.

गेणबाला सांगायचं राहिलं. दोनदा भेटला, दोन्ही वेळा मीच चेष्टेवर नेलं. कार्डासाठी उद्या पुण्याला फोन करतो.

बुधवार, १४ फेब्रुवारी

गेणबा गेला.

सकाळी अकराला जलपर्णी काढायला उतरला होता. अकरा वीसला निमगावच्या रानाची पाळी होती, मोटर आपोआप लागली. जाळीने ओढून धरलं. मी ऑफिसात संचालकांना मशीन दाखवत होतो. जॅकवेलकडून लोकांचा आरडाओरडा आला तेव्हा पळालो. मोटर बंद करून वर काढेपर्यंत संपलं होतं.

हातात पाना तसाच होता.

शुक्रवार, १६ फेब्रुवारी

संस्थेने चौकशी केली. आबासाहेबांनी विचारलं की मोटर अशी कशी लागली. मी म्हणालो, मशीनला खाली माणूस असल्याचा निरोप मिळाला नाही. यातलं एक अक्षरही खोटं नाही. त्यांनी त्याचा अर्थ त्यांना हवा तो काढला आणि कागदावर लिहिलं, गेणबा बटण न दाबता उतरला. तांत्रिक जाणकार म्हणून खाली माझी सही.

द्वारकाबाई, गेणबाच्या मालकीण, दाराशी बसल्या होत्या. रडत नव्हत्या. मला म्हणाल्या, दादा, आमचं धनी जेवायचं इसरलं असतील, पर बटण न्हाय. आता सारा गाव म्हणतोय, म्हाताऱ्याला भान नव्हतं, प्याला असंल. पैसं नगं मला. तेवढं बटणाचं खरं काय ते कागदावर लिवा.

मी म्हणालो, बघतो. गेणबालाही हेच म्हणालो होतो.

शनिवार, १७ फेब्रुवारी

आज बहुरूपीतलं ते शून्य काढून टाकलं. म्हटलं, आता प्रोग्रामने विचारावं, आणि माणसाने जॅकवेलवर जाऊन, बघून, हाताने उत्तर द्यावं.

मशीन लावलं. प्रोग्रामने विचारलंच नाही. स्क्रीनवर आधीच आकडा होता.

खाली १.

वायर जोडलेली नाही. जोडायला जागाच नाही. माझी काहीतरी चूक असणार.

सोमवार, १९ फेब्रुवारी

सगळं पुसलं. मूळ फ्लॉपीवरून परत टाकलं. ही फ्लॉपी सहा तारखेची, शून्य घालण्याआधीची आहे, तेव्हा गेणबा माझ्यापुढे बसून तंबाखू मळत होता.

खाली १.

मोटरी हाताने चालवतोय. आणि मशीनमधून आवाज येतो. फ्लॉपीची घरघर, जात्यासारखी. नव्या मशीनची फ्लॉपी तशी घरघरत नाही, आणि आता तर आत फ्लॉपीही नाही. आबासाहेबांना ऐकवलं. म्हणाले, मला नाही बुवा काही ऐकू येत, तू जरा झोप काढ.

गुरुवार, २२ फेब्रुवारी

बारामतीला दुकानात आलो. इथं माझं स्वतःचं मशीन आहे, त्याने उजनीचं पाणी जन्मात पाहिलेलं नाही. त्याच्यावर बहुरूपी नव्याने घातला, प्रोग्राम चढवला. भर दुपार, समोर भिगवण रस्त्यावर उसाच्या बैलगाड्या, बायको शेजारी मटार सोलत होती.

खाली १.

आणि तेवढ्यात एक टोला. लोखंडावर पाना. बायकोने मान वर केली नाही. मी दुसऱ्याची, तिसऱ्याची वाट बघत राहिलो.

आले नाहीत.

शनिवार, २४ फेब्रुवारी

परत संस्थेत. रोज अकराला एक टोला. एकच. मी कानावर उशी धरतो, तरी —

स्टोअरमध्ये जाऊन गोणपाट काढलं. जुन्या मशीनला वायर अजून तशीच जोडलेली. म्हणजे त्या दिवशी गेणबाने बटण दाबलं ते इथं आलं. या अंधारात, बंद पडलेल्या मशीनपाशी आलं आणि थांबलं. विचारणारं कुणी नव्हतं.

वायर कापली.

ऑफिसात येऊन पाहिलं. खाली १.

सोमवार, २६ फेब्रुवारी

द्वारकाबाई पुन्हा आल्या होत्या. कागद मागायला. मी खोलीची आतून कडी घातली. त्या बाहेर बराच वेळ बसल्या. म्हणाल्या, दादा, तुमी आत हाय, म्हाईत हाय मला. श्वास ऐकू येतोय तुमचा.

मंगळवार, २७ फेब्रुवारी

चौदा तारखेचं पान खोटं आहे. म्हणजे आहे ते खरं आहे, पण —

अकराला मी संचालकांपुढे उभा होतो. जुनं कसं अडायचं, हे कसं अडत नाही, ते रंगवून सांगत होतो. बोलता बोलता एक टोला ऐकला. माझ्या कानांनी ऐकला. त्याचा अर्थ काय, ते माझ्याएवढं तिथं कुणालाच माहीत नव्हतं. दोन टोले आले नाहीत. भिंतीवर घड्याळ होतं. अकरा दहा. अकरा पंधरा. मोटर लागायला पाच मिनिटं. एक कळ दाबायची होती फक्त. पण दाबली असती तर मशीन अडलं असतं. संचालकांसमोर.

म्हटलं, येईल वर तेवढ्यात.

बुधवार, २८ फेब्रुवारी

टोला आता अकरालाच नाही.

जाळी तुंबलीय. पाणी येत नाही, सणसरपर्यंत बोभाटा झालाय की म्हाळसाचे ऊस वाळायला लागले. गेणबानंतर खाली उतरायला कुणी तयार नाही. आबासाहेबांना म्हटलं, मी उतरतो. पोहता येतं का, असं त्यांनी विचारलं. मेंढराच्या मागं नीरा ओलांडलेला माणूस आहे मी.

एकदा कुणीतरी खाली जाऊन वर यायला हवं. दोन टोले द्यायला हवेत. मशीनला एकदा तरी खरं —

गुरुवार, २९ फेब्रुवारी

सकाळी मशीन लावलं.

खाली २.

मी अजून अंघोळही केली नव्हती. बटणाला हात लावला नव्हता.

मशीन बंद केलं. भिंतीतून पिन काढली. मोटरीचे तिन्ही फ्यूज काढून खिशात घातले.

सव्वाअकरा. जॅकवेलच्या खालच्या पायरीवर. पाय पाण्यात. उतरताना काठावरचं बटण दाबलं, एक टोला दिला. अर्धी जाळी मोकळी केली, दम खायला बसलोय. वही प्लास्टिकच्या पिशवीत बरोबर आणली आहे. द्वारकाबाईंना वाचता येत नाही, म्हणून जो हे उघडेल त्याने त्यांना मोठ्याने वाचून दाखवावं. चावडीवर, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

गेणबाने बटण दाबलं होतं. टोलाही दिला होता. तो प्यालेला नव्हता. वायर मी जोडली नाही. खाली शून्य हे मी लिहिलं. कागदावरची सही —

टोला. एक. खालून.

मी तर बसलोय. पाना माझ्या मांडीवर आहे.

घरघर. जात्यासारखी. आता वर मोटरीची — फ्यूज खिशात आहेत. चाचपले. तिन्ही आहेत.

पाणी पायांना ओढतंय. अजून उठता येईल. पण हे आधी. मी गावभर सांगत होतो की जुनं मशीन अडायचं, माझं अडलं नाही. तेही लिहून घ्या. जुनं मशीन अकरा वर्षं रोज अडत होतं, गेणबा खाली असला की अडत होतं. त्या अकरा वर्षांत खाली एकही माणूस —