सीडी आणि बाबांचा प्लेअर

चि. चिमणे,

अनेक आशीर्वाद आणि एक हलकी चापट. चोरट्या साइटवरून गाणी उतरवून फोन बिघडवलास म्हणे! अगं, तुझी ती जपानी गायिका स्वतःच्या चॅनेलवर निम्मी गाणी फुकट ऐकवते. बाकीची अ‍ॅपवर रीतसर मिळतात.

तिचा पहिला अल्बम मात्र कुठेच नाही, म्हणून तू रडलीस ना? तो सोबत पाठवलाय.

झालं असं, की गोदामात पार्सलं वेगळी करताना पट्ट्यावर जपानहून आलेलं, तिचं नाव छापलेलं खोकं आलं. तू वह्यांवर गिरवून ती चार जपानी अक्षरं माझ्याही डोक्यात भरवली आहेस. मी बघतच राहिलो आणि मागे पार्सलांचा ढीग साचला. मुकादम ओरडला, पण नोकरी शाबूत आहे. खोक्यावर तिच्या कंपनीच्या दुकानाचा पत्ता होता. ते परदेशीही पाठवतात, म्हणून तिथूनच सीडी मागवली.

पट्ट्यात चेमटलेलं माझं बोट आता दुखत नाही. आईला सांगू नकोस. तिचा गुडघा खरंच बरा आहे का? मला फोनवर ती बराच आहे म्हणते.

सीडी लावायची कशावर? बाबांच्या प्लेअरवर. ते गेल्यापासून त्यावरचं कापड कुणी काढलेलं नाही, म्हणून आधी आईला विचारलं. ती म्हणाली, "आवाज मोठा ठेव म्हणावं तिला. त्यांना बारीक आवाज आवडत नसे."

तुझा,
दादा