इनागाकी खानावळ विरुद्ध बायपासवरच्या चार चेन

१४ जानेवारी, मंगळवार

मार्चअखेर खानावळ बंद करायची, असं बायकोनं, मित्सुएनं, सकाळी सांगितलं. विचारलं नाही, सांगितलं. तांदूळ धुता धुता, माझ्याकडे पाठ करून. दुपारी जेवायला तिघं येतात, त्यातला एक रस्ता विचारायला. बायपासवर चार चेन रेस्टॉरंटं उघडली आणि सगळं कानुमा गाव तिकडे वळलं, त्याला आता कोण काय करणार, असं तिचं म्हणणं. बंद केल्यावर ती बहिणीच्या नर्सरीत रोपं लावायला जाणार आहे. मी काय करणार, हे तिनं विचारलं नाही.

वडिलांनी काढलेली खानावळ आहे. वाईट वाटायला हवं होतं. बहुतेक उद्या वाटेल.

आज प्लॅन केला. शत्रूचा अभ्यास. चारही ठिकाणी जाऊन जेवायचं, तुलना करायची, रिपोर्ट काढायचा. चव, वेग, स्वच्छता आणि संवाद, प्रत्येकी पंचवीस गुण. संवादात ते सपाटून मार खाणार. आमच्याकडे गिऱ्हाईक बसल्यापासून उठेपर्यंत मी बोलत असतो. वडील म्हणायचे, बोलेल त्याची बोरं विकतील.

अभ्यास ऐन गर्दीत करायला हवा, म्हणजे दुपारीच. तेवढा वेळ स्वयंपाक आणि काउंटर दोन्ही मित्सुएकडे. जमेल का, विचारलं. बघते म्हणाली. बिचारीला गिऱ्हाइकाशी दोन शब्द बोलता येत नाहीत.

१६ जानेवारी, गुरुवार

उशिहाची. बीफ आणि भाताचा वाडगा. दारात मशीन, मशीनचं बटण दाबायचं, कूपन घेऊन बसायचं. कोट काढेपर्यंत वाडगा समोर. वेगाला पंचवीसपैकी पंचवीस द्यावे लागले, नाइलाज. चव चौदा. लाल आलं टेबलावरच्या डब्यातून हवं तेवढं घ्या, फुकट. हे लक्षात ठेवण्यासारखं.

संवाद शून्य. शेजारच्या तरुणाला वडिलांच्या मिसो सूपची हकिकत सांगायला घेतली. त्यानं कानात इअरफोन घातले. मी जरा मोठ्यानं सांगू लागलो, तर वाडगा उचलून तो पार टोकाला जाऊन बसला. नोंद: इथली माणसं संवादाला इतकी पारखी झाली आहेत की कोणी आपुलकीनं बोललं तरी बावरतात.

काउंटरच्या पलीकडच्या बाजूला कुसाकाबे. रिटायर्ड टॅक्सी ड्रायव्हर, आमचा जुना गिऱ्हाईक. डॉक्टरांनी बाहेरचं बंद केलंय, असं सांगून दिवाळखोरासारखा गायब झाला होता. मला पाहून त्यानं वाडग्यात मान घातली. मीही मशीनकडे पाहत राहिलो. अशा वेळी न पाहणं हाच आमच्याकडे शिष्टाचार. पण मनात कळून चुकलं, तोसुद्धा माझ्यासाठीच टेहळणी करतोय. जुनी माणसं न सांगता करतात.

२१ जानेवारी, मंगळवार

मेनतोकु. उदोन, म्हणजे जाड नूडल्स. ट्रे आपण धरायचा, रांगेतून सरकायचं, तळणीतलं हवं ते उचलायचं, शेवटी वाडगा आपणच परत नेऊन ठेवायचा. म्हणजे वेटरचं काम गिऱ्हाईक करतं आणि वर खूश होऊन जातं. ही युक्ती वडिलांना सुचली नाही.

चव वीस. उगाच कशाला खोटं बोला. संवाद एक. 'हिरवी पात घालू?' असं बाईनं विचारलं म्हणून. मी तिला पातीच्या जातींबद्दल सांगत होतो, तेवढ्यात मागून रांग हलली.

मित्सुएला विचारलं, आज किती गिऱ्हाइकं. पाच म्हणाली. रस्ता विचारणारा धरून का, ते विचारायचं राहिलं.

२७ जानेवारी, सोमवार

निकोरी. फॅमिली रेस्टॉरंट. इथे मांजराच्या तोंडाचा यंत्रमानव जेवण आणून देतो. ड्रिंक बारचे पैसे एकदा भरले की कॉफी कितीही प्या. सहा कप प्यायलो. संशोधनासाठी शरीर झिजवावं लागतं.

यंत्रमानवाला आमच्या डुकराच्या कटलेटबद्दल सांगितलं. शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, कृपया रस्ता द्या. आतापर्यंतचा सर्वांत चांगला श्रोता, जरा घाईत होता एवढंच. संवाद सहा.

खिडकीपाशी नेगिशीबाई. लाँड्रीवाल्या. नवरा गेल्यापासून रोज आमच्याकडे जेवायच्या, गेल्या दोन महिन्यांत फिरकल्या नाहीत. पुस्तक वाचत एकट्याच बसल्या होत्या. दया आली. समोर जाऊन बसलो आणि आधार दिला. नवऱ्याच्या आठवणी काढल्या, त्याला कटलेट कसं आवडायचं, शेवटी शेवटी कसं गिळवत नसे, सगळं. बाईंना अचानक आठवलं की औषधं आणायची आहेत. सूप अर्धं टाकून गेल्या. सूप वाईट असणार. चवीचे दहा कापले.

३ फेब्रुवारी, सोमवार

पोटाचा त्रास. मित्सुएनं पेज दिली. आज घरीच थांबून काउंटर सांभाळतो म्हटलं. तिचा हात थांबला. मग म्हणाली, "संशोधन अर्धवट सोडू नये. जाऊन या हळूहळू."

हिला माझ्या कामाचं महत्त्व कळायला लागलंय. पेज खाऊन मेनतोकुला गेलो.

१० फेब्रुवारी, सोमवार. रात्रीचं जेवण झाल्यावर.

मोठी बातमी. दुपारी अकरा जण. मित्सुए हे सांगताना गल्ला पुसत होती. मी तिला गेल्या आठवड्यात तीन सूचना लिहून दिल्या होत्या: टेबलावर लाल आलं ठेव, पाण्याचे ग्लास बदल, दारातला दिवा पिवळा लाव. लगेच गुण आला.

नंतर पाहिलं तर आल्याचा डबा कपाटातच होता. ग्लास तेच. दिवा तोच. तरीही बातमी पसरली असणार. गाव लहान आहे.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आज उशिहाचीत कुसाकाबे नव्हता. परवाही नव्हता. निकोरीत नेगिशीबाईंचं टेबल रिकामं. गिऱ्हाईक चेनला कंटाळलं, असा माझा निष्कर्ष. शितावरून भाताची परीक्षा. अजून सहा महिन्यांत बायपास ओस पडून तिथे गवत उगवेल.

एक अडचण मात्र आहे. घरचं मिसो सूप मला हल्ली खारट लागतं. मित्सुएला सांगितलं नाही. संशोधकाची जीभ थोडी बिघडणारच.

२० फेब्रुवारी, गुरुवार

नामिमाकी. फिरत्या पट्ट्यावरची सुशी. पूर्वी पट्ट्यावर बशा फिरायच्या, आता पट्टा रिकामाच असतो, पडद्यावर बोट ठेवलं की तुमची एकच बशी सुसाट येते आणि अचूक तुमच्यासमोर थांबते. दोन्ही बाजूंना पार्टिशन. माणूस दिसत नाही. चव सोळा, स्वच्छता पंचवीस, संवाद द्यायला कोणी सापडलंच नाही.

तिथे बसल्या बसल्या बरं वाटलं. का ते कळलं नाही. हे रिपोर्टमध्ये घालणार नाही.

घरी मित्सुए म्हणाली, पंधरा. आणि म्हणाली की चारच दुकानं कशी पुरतील, उत्सुनोमियाला तर कितीतरी असतील. ट्रेननं अर्धा तासही लागत नाही. पासच काढला तर स्वस्त पडेल.

नर्सरीचं नावही तिनं आठवडाभर काढलेलं नाही. खानावळ वाचते आहे. माझ्यामुळे, हे मी तिला बोलून दाखवलं नाही. मनाचा मोठेपणा.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

उत्सुनोमिया. उशिहाचीची स्टेशनाजवळची शाखा. कानुमाच्या शाखेपेक्षा कांदा किंचित जास्त शिजलेला. दुसऱ्या कोणाच्या जिभेला कळलं नसतं. तिथल्या मॅनेजरला बोलावून सांगितलं. तो म्हणाला, कांदा सगळीकडे एकाच कारखान्यातून येतो. तरुण आहे. शिकेल.

निश्चय: उद्यापासून दिवसाला दोनच चेन. तिसरी फक्त भूक असेल तर.

५ मार्च, बुधवार

तिन्ही झाल्या. भूक नव्हती.

मित्सुए आल्या आल्या हसली. आता रोज वीसच्या आसपास. खुर्च्या कमी पडतात, म्हणून बहिणीकडून दोन आणल्या. केस वेगळे बांधले होते तिनं. तिला म्हटलं, तू एकटी दमत असशील, आता मी परत उभा राहतो. ती म्हणाली, तसं काही नाही, कुसाकाबेसान भांडी उचलून देतात.

कुसाकाबे. एकोणीस वर्षं आमच्याकडे जेवला, त्याला कधी वाक्य पुरं करताना मी ऐकलेलं नाही. मुखदुर्बळ माणूस. तो भांडी उचलतो.

१२ मार्च, बुधवार

रिपोर्ट पूर्ण. सव्वीस पानं. पहिला नंबर मेनतोकु, दुसरा उशिहाची. स्पर्धेबाहेर, पण संवादाच्या जोरावर सर्वांच्या वर, इनागाकी खानावळ. शेवटच्या पानावर 'विजयाची कारणं', त्यात दिव्याचा रंग पहिला.

हा रिपोर्ट भरल्या खानावळीत सगळ्यांना वाचून दाखवायचा, असं ट्रेनमध्येच ठरवलं. उत्सुनोमियाचं जेवण टाकून साडेबाराला परतलो. सगळं भाषण पाठ होतं.

काचा वाफेनं पांढऱ्या झाल्या होत्या. आत काही दिसेना, ऐकू मात्र येत होतं. कोणीतरी गोष्ट सांगत होतं. एका नवरदेवाला टॅक्सीतून भलत्याच लग्नाला नेऊन सोडलं, त्यानं तिथे जेवून आहेरही दिला, अशी काहीतरी. सांगणारा थांबून थांबून, मजा घेत सांगत होता. कुसाकाबेचा आवाज होता. मग सगळे हसले. त्यात एक बाई खूप वेळ हसत राहिली. मला वाटलं, रेडिओ लावलाय. दार सरकवलं तेव्हा कळलं की ती मित्सुए होती.

मला पाहून सगळे गप्प झाले. कोणी चिडलं नाही, कोणी तोंड वाकडं केलं नाही. चॉपस्टिक्स फक्त जरा भरभर हलायला लागल्या. नेगिशीबाईंनी घड्याळ पाहून पर्स जवळ ओढली. अर्धं कटलेट ताटात तसंच होतं. खिडकीतल्या दोघांनी जेवण अर्धवट टाकून बिल मागितलं.

"अरे मालक," कुसाकाबे म्हणाला, "आज लवकर?"

मित्सुएच्या हातात पळी होती. ती माझ्याकडे पाहत होती. राग नव्हता. राग असता तर मला उत्तर देता आलं असतं. ती घाबरली होती. दोन महिन्यांत हातानं उभं केलेलं काहीतरी कोणी धक्क्यानं पाडेल, तसं तिचं तोंड झालं होतं. आणि ते मी पाडणार होतो.

रिपोर्ट काखेत होता. मी म्हणालो, "मफलर विसरलो होतो. तोच न्यायला आलो. उत्सुनोमियाची दोन दुकानं अजून राहिलीत."

मफलर माझ्या गळ्यात होता. सगळ्यांनी पाहिला. मग सगळे आपापल्या ताटात पाहू लागले. आमच्या गावातली माणसं सभ्य आहेत.

मी आत गेलो, कपाट उघडलं, बंद केलं, बाहेर आलो. कुसाकाबेनं उठून माझ्यासाठी दार सरकवलं. सावकाश जा म्हणाला. नेगिशीबाईंनी पर्स परत खाली ठेवली.

बसस्टॉप खानावळीसमोरच आहे. बस यायच्या आत आतलं बोलणं पुन्हा सुरू झालं. गोष्टीचा शेवट नीट ऐकू आला नाही. हसले मात्र सगळे.

वाईट वाटलं. जानेवारीत वाटायचं राहिलं होतं, तेही त्यात असेल.

३१ मार्च, सोमवार

खानावळ बंद करायची नाही, असं मित्सुएनं सकाळी सांगितलं. बहिणीला तसं कळवलं. तुमची हरकत नसेल तर, असंही म्हणाली. हरकत नाही म्हटलं. संशोधन चालू ठेवतो म्हटलं. ती मान हलवून उभी राहिली. मग म्हणाली, संध्याकाळी गर्दी नसते, तेव्हा तुम्ही असलात तर चालेल.

दुपारी नामिमाकीत गेलो. पार्टिशनच्या आत बसलो. बशा आल्या. गुण दिले नाहीत.

संध्याकाळी खानावळीत आम्ही दोघंच होतो. भांडी पुसून झाल्यावर मित्सुए स्टूल ओढून माझ्यासमोर बसली. इतक्या वर्षांत ती कधी बसलेली आठवत नाही.

"आज काय खाल्लंत?" तिनं विचारलं.

मी तोंड उघडलं. सांगण्यासारखं काही आठवेना.

"मासे," मी म्हणालो.

ती पुढचं ऐकायला थांबली होती. मग उठून उद्याचे तांदूळ भिजत घालायला गेली.