माह्या नातवाले बॉल भेटू दे

७ सप्टेंबर, रविवार

मले हा फुटबॉल समजते का? समजते. न समजायले त्यात आहे काय. चार डाव भेटतात. चार डावात दहा वार पुढं सरकायचं. सरकले का पुन्हा चार डाव. बॉल फेकून न्या, नाहीतर छातीशी धरून घुसा. बस. बॉल अंड्यावानी आहे म्हणून लोकं उगाच भितात.

सकाळी उजाडायच्या आधी उठलो. तिकडं अमेरिकेत शनिवारची संध्याकाळ. विलासनं, माह्या पोरानं, मोबाईलवर पाठवलं होतं, ते दाबलं का मॅच दिसते. कॉलेजची मॅच, कॉलेजच दाखवते. ओम त्यात आहे. विलासचा पोट्टा, तिकडंच जन्मला. टीममधी रनर आहे, म्हणजे बॉल घेऊन घुसणारा. पण घुसायले आधी बॉल तर पायजे ना. तो कोच नुसता पास टाकायले लावते. फेकला, पडला. फेकला, पडला. ओम बाकावर. हेल्मेट मांडीवर, पाहुण्याच्या घरी बसल्यावानी.

हरले. बरं झालं.

१४ सप्टेंबर

पुन्हा तेच. ओम बाकावर.

माही बायको सुमन चहा घेऊन आली. "आला का त्याचा नंबर?"
"नाही."
"मंग पाहता काहून जी? झोपा ना."

झोप कुठची. पोट्टा लहान होता तेव्हा इथं यायचा, अंगणात माह्या पायातून घुसून पळायचा. पाडला तरी पुढंच पडायचा. त्याले बसवून ठेवते म्हणजे काय.

मी जन्मात नवस बोललो नाही. सुमनचे नवस फेडता फेडता माह्या चपला झिजल्या. आज बोललो. रामटेकच्या रामाले. स्वयंपाकघरात, उभ्या उभ्या, गॅसवर दूध होतं. माह्या नातवाले बॉल भेटू दे, डोक्यावर संत्र्याची टोपली घेऊन बिना चपलेचा गड चढतो. एवढंच. लांबण लावलं नाही. दूध उतू गेलं.

२१ सप्टेंबर

आता काय म्हणावं. ओमच्या टीमचा पास टाकणारा पोट्टा पहिल्याच डावात पडला, खांदा गेला. दुसऱ्याले नीट फेकता येत नाही. कोचनं ठरवलं, फेकायचंच नाही. घुसायचं.

डावीकडून ओम. उजवीकडून ओम. मधातून ओम. तिघं अंगावर घेतले तरी पुढंच पडला. मी पलंगावर उभा झालो.
"पडसान ना जी!"
"पाहय वं, पाहय! ते पाहय!"
जिंकले.

खुशीत सुमनले नवसाचं सांगून टाकलं. तिचं तोंडच उतरलं. "पित्तरपाटात नवस बोलते का कोणी? आज सर्वपित्री आहे, बापा."
म्हटलं, देवाच्या घरी कॅलेंडर नसते.
"मंग फेडून टाका लवकर. भेटलं का फेडावं."
संत्रा अजून बाजारात आला नाही, म्हटलं. आंबिया बहाराचा येऊ दे.

त्या खांदा गेलेल्या पोट्ट्याचं आता जेवताना आठवलं. मी असं नव्हतं मागतलं.

२ ऑक्टोबर, दसरा

विलासचा फोन. "बाबा, गावभर त्याचं नाव आहे. कोच म्हणते, याच्याच भरवशावर सीझन काढतो."

दुपारी कळमन्याच्या बाजारात गेलो सोनं द्यायले. गुलाब भेटला. आम्ही दोघं तिथं हमालीत होतो, चाळीसेक वर्षाखाली. त्याले मोबाईलवर ओम दाखवला.
"अबे, हा तुहा नातू? सांड आहे लेका."
"मंग."
"किती खेपा देतात त्याले?"
"सगळ्याच."
"दुसरा कोणी नाही?" हे विचारताना तो हसला नाही.

गुलाबची मान वळत नाही. मागून हाक मारली का पूर्ण माणूस वळते. आमच्यात तोच सगळ्यात मजबूत होता. ट्रक आला का शेठ म्हणे, गुलाबले बोलवा. आम्ही सावलीत तंबाखूचा खर्रा घोटत बसलो राहू. गुलाबलेही बरं वाटे, आपल्यालेच बोलवतात.

५ ऑक्टोबर

जिंकले.

समोरच्याईले माहीत आहे बॉल कोणाले भेटणार. कोचले माहीत आहे का त्याईले माहीत आहे. तरी तेच. विलासले विचारलं, हा कोणता डाव? म्हणे, "तीन वार, चार वार, असंच सरकायचं बाबा. समोरच्याले थकवायचं. शेवटी ते गुडघ्यावर हात ठेवून उभे राहतात, तेव्हा आपण निघून जातो."

समोरचे थकतात, बरोबर. ते अकरा जण वाटून घेतात. हा एकटा खाते.

किती वेळा पडला ते मोजायले बसलो होतो. सोडून दिलं.

१२ ऑक्टोबर

दोघं दोन बाजूनं आले. हेल्मेटचा आवाज मोबाईलवर आला. ओम पडला, उठला, लोकाईनं टाळ्या वाजवल्या. पण उठून तो समोरच्याईच्या बाकाकडं चालत गेला. आपला बाक इकडं, हा तिकडं. एकानं खांद्याले धरून वळवला. मॅच सांगणारा तो माणूस हसला.

सुमन तेव्हा अंघोळीले गेली होती. तिनं नाही पाहिलं.

थोड्या वेळानं पुन्हा ओमलेच बॉल.

जिंकले. जिंकू नका म्हणायची पाळी आली.

१४ ऑक्टोबर

संध्याकाळी मीच ओमले फोन लावला, चेहरा दिसते तो. सुमन भाजीले गेली होती. तिकडं सकाळ झाली होती. पण खोलीत पडदे लावून बसला होता.

"आबा, जेवलात?"
"अजून वेळ आहे. लाईट काहून बंद?"
"डोळ्यांना त्रास होतो. थोडासाच."
पायाचं विचारलं. कॉलेजचं विचारलं.
"आबा, जेवलात?"
म्हटलं, विसरला असन. परवाच्या मॅचचं विचारलं. हसला. मंग पुन्हा, "आबा, जेवलात?"
"ओम, तू त्या दिवशी उलट्या बाजूले काहून गेला गा?"
त्यानं पडदा आणखी ओढला.
"डॉक्टरनं पाहिलं का?"
"टेस्ट घेतात ना. शब्द लक्षात ठेवायचे, उलटे आकडे म्हणायचे. दर वेळी तेच शब्द, आबा. मला पाठ आहेत."
मी काही बोलायच्या आत म्हणे, "बाबांना सांगू नका. आजीला पण नाही. कोणत्याच माणसाला नाही. माझी शपथ आहे तुम्हाला. कोचला कळलं तर बसवेल. मी परत नाही बसणार बेंचवर."
म्हटलं, शपथ-बिपथ मी मानत नाही.
"मानता. माझ्यासाठी नवस केला ना? आजीने सांगितलं."

सुमन दारात दिसली. मी फोन ठेवला.

१९ ऑक्टोबर

ओम खेळला. मी मोबाईल उलटा ठेवून ऐकत होतो. इंग्रजी काही समजत नाही. त्याचं नाव तेवढं समजते. पुन्हा पुन्हा तेच नाव. दर वेळी वाटे, हे शेवटचं. मंग पुन्हा.

जिंकले असतील. सुमन टाळ्या वाजवून राहिली होती.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

फोनवर विलासले म्हटलं, त्या कोचले म्हणा एखादा पास टाकत जा.
"जिंकून राहिलो ना बाबा."
दुसरा रनर नाही का, म्हटलं.
"आहे, बारका आहे तो. अन् तुम्हीच तर म्हणत होते, पोट्ट्याले बाकावर बसवलं, बसवलं."

खरं आहे. मीच म्हणत होतो. जिभेवर आलं होतं सगळं. गिळलं.

शपथ मोडली तर ज्याची घेतली त्याले लागते म्हणतात. मी मानत नाही. माही स्वतःची असती तर तिथंच मोडली असती. पण त्या पोट्ट्याच्या डोक्यावर आणखी एक गोष्ट ठेवायची हिंमत नाही.

फराळ केला. कशाची चव लागून नाही राहिली. बीपीची गोळी विसरलो, का दोनदा घेतली, कोण जाणे.

२६ ऑक्टोबर

आज सुमननंही पाहिलं.
"उठून नाही राहिला जी."
"उठते."
"अहो, उठून नाही राहिला."
उठला. हात वर केला. लोकं नाचले. बाहेर गेला, पाणी प्याला, पुन्हा आत.

सुमन माह्याकडं पाहून राहिली होती, मोबाईलकडं नाही. मी संडासात जाऊन बसलो.

बॉल मागतला होता. किती, ते सांगायचं राहिलं. एवढी हमाली केली, एका खेपेले किती पोती हे ठरवल्याशिवाय कधी उचललं नाही. अन् इथं नातवाच्या बाबतीत घाई केली.

जेवताना सुमनले आडून विचारलं, देवानं दिलेलं परत करता येते का?
"नवस फेडता येते. परत कसा करता येईन? लुगडं आहे का ते?" मंग पोळी हातात धरून म्हणे, "काय झालं जी? महिनाभरापासून पाहून राहिली मी."
काही नाही, म्हटलं.

पुढच्या रविवारी मॅच नाही. मंग ९ तारखेले. ती जिंकले तर मोठ्या टीमा, मोठे पोट्टे. विलास खुशीत होता.

३ नोव्हेंबर, सोमवार

रामटेकले जाऊन आलो. सुमन म्हणे, त्रिपुरी पुनवेले जाऊ. म्हटलं, जत्रेत धक्के खायचे नाहीत, आजच.

पहाटे कळमन्यातून संत्रा घेतला. आंबिया आला आहे. गुलाबनं टोपली भरून दिली, डोक्यावर ठेवून पाहिली. म्हणे, "वजन मानेवर नको घेऊ, कमरेवर घे." एवढंच बोलला. मौद्याकडून आलेला एक टेम्पो उभा होता, तो खाली करायले पूर्ण वळून निघून गेला.

गड चढलो. पायाले खडे टोचले. सुमन मागून काठी घेऊन, माकडाईले हाकलत. तरी एका बुढ्या माकडानं टोपलीत हात घातलाच. "ने बापा," म्हटलं, "तुलेही लागते." सुमन म्हणे, "देवाच्या आधी त्यालेच दिलं." म्हटलं, तोही त्याचाच आहे ना.

वर गर्दी नव्हती. टोपली खाली ठेवली. हात जोडले. मले कमी ऐकू येते, म्हणून मी बोलतो तेही मोठ्यानं. घरात सगळ्याईले माहीत आहे. मनातल्या मनात बोलणं मले जमत नाही.

रामाले म्हटलं, हे घे, तुहं फेडलं. आता ऐक. मी बॉल मागतला, तू दिला. लय दिला. आता पोट्टा उठून उलट्या बाजूले चालते. अंधार करून बसते. एकच गोष्ट तीन तीनदा विचारते अन् त्याले समजत नाही. डॉक्टरले पाठ केलेली उत्तरं देते. अन् मले शपथ घातली का कोण्या माणसाले सांगायचं नाही. मी कोणाले सांगतलं नाही. तुले सांगून राहिलो. आता तुह्यानं होत असन ते पाहय.

वळलो तर सुमन मागंच उभी. हातात नारळ तसाच. पुजाऱ्यानं तीर्थ दिलं ते तिच्या तळव्यातून सांडलं.

खाली उतरताना अर्ध्या पायऱ्यावर बसली. पिशवीतून मोबाईल काढला.
"तिकडं रात्र आहे वं," म्हटलं.
"असू दे."
विलासनं उचलला. मी पुढं उतरून गेलो. ऐकलं नाही.

४ नोव्हेंबर

विलासचा फोन. "बाबा, तुम्हाले माहीत होतं?" एवढंच दोनदा. तो रडून राहिला का काय, समजलं नाही, आवाज तुटत होता. गाडी घेऊन रातोरात कॉलेजले गेला. ओम भांडला म्हणे, दार लावून घेतलं. मंग बाहेर येऊन उलटी केली. आता दवाखान्यात आहे. डोक्याचा फोटो काढला.

मी ओमले फोन लावला. कापला. पुन्हा लावला. कापला.

सुमन देवाजवळ बसली आहे सकाळपासून. माह्यासंग बोलते, पण जेवण वाढण्यापुरतं.

६ नोव्हेंबर

दवाखान्यातून सोडलं. फोटोत काही फुटलेलं नाही म्हणे. पण डॉक्टर म्हणे, फोटोत सगळं दिसत नाही. वाट पाहा. किती? वाट पाहा. पुढच्या वर्षी खेळणार का कधीच नाही, कोणीच नीट सांगून नाही राहिलं. पुस्तक वाचायचं नाही, मोबाईल पाहायचा नाही.

ओम अजून बोलत नाही. ना माह्यासंग, ना आजीसंग.

९ नोव्हेंबर, रविवार

मॅच आज तासभर उशिरा. तिकडं घड्याळ मागं करतात म्हणे. बरं आहे, त्याईले करता येते.

ओम होता. बाकाजवळ उभा. जर्सी घातलेली, हेल्मेट नाही. उन्हातला चष्मा, संध्याकाळ असून. माणसानं आपल्याच तेरवीले उभं राहावं तसा. कोचनं त्याच्याकडं पाहिलं नाही.

अन् डाव तोच. घुसायचं. आता त्या बारक्या पोट्ट्याले बॉल. डावीकडून तो, मधातून तो. पडला, उठला, पडला. मले त्याचं नावही माहीत नाही. तरी तोंडातून निघालं, "पाहून घुस बापा, पाहून." सुमननं माह्या हातातला मोबाईल घेतला अन् बंद केला. कोण जिंकलं ते मले माहीत नाही. विलासनंही सांगतलं नाही.

दुपारी ओमचा मेसेज. मोबाईल मना आहे, तरी. इंग्रजी अक्षरात मराठी, सुमननं वाचून दाखवला. आबा, तुम्ही सांगितलं?
तिच्याकडूनच लिहून घेतलं: मी देवाशी बोललो.
लगेच दुसरा आला. आजीसमोर? मुद्दाम?

सुमननं वाचला अन् चष्मा काढला. म्हणे, "मीही सहा दिवसांपासून हेच विचारीन विचारीन म्हणून राहिली. मी मागं उभी आहे, हे माहीत होतं ना जी तुम्हाले?"

तिले नाही सांगतलं. त्याले नाही सांगणार. इथंही लिहीत नाही.