एकाच थरातली गाठ

प्रिय ताई,

त्या दिवशी तपासणीच्या खोलीत तू कुरकुरत होतीस, "काढ बाई एकदाचे फोटो, घरी कामं पडलीयेत." तुझ्या स्तनांचे साधे एक्स-रे फोटो अगदी स्वच्छ आले. मग मी थ्रीडी तपासणीतले पातळ थर एकेक करून पाहिले. एका थरात तांदळाच्या दाण्याएवढी गाठ होती आणि तिच्यातून केसासारख्या बारीक रेषा चहूकडे फुटल्या होत्या. पुढच्या थरात ती दिसेनाशी झाली.

आमचे मोठे डॉक्टर म्हणाले, "बहीण आहे म्हणून तुला जास्त दिसतंय. सहा महिन्यांनी पाहू."

"सर, बहीण नसती तरी मी सुईने तुकडा काढायलाच सांगितलं असतं."

त्यांनी चष्मा पुसला, थर पुन्हा पाहिले आणि मान डोलावली.

आज त्या तुकड्याचा अहवाल आला. कॅन्सरच आहे, पण अगदी लहान, वेळेत सापडलेला.

एवढं लिहिलं आणि वाटलं, हे तू स्वयंपाकघरात एकटीने, उभ्या उभ्या वाचायचं नाहीस. म्हणून पत्र इथेच ठेवून मीच तुझ्याकडे निघते आहे. रडायचं तर दोघी मिळून रडू. सर्जनची उद्याची वेळ मात्र मी घेऊन ठेवली आहे, आणि तिथे तुझी कुरकुर चालणार नाही.

तुझ्याइतकीच हट्टी,
तुझी धाकटी