खुंटीवरचा कोट

प्रिय आर्चिबाल्ड,

हे पत्र फिलाडेल्फियाला धाडणार नाही, म्हणून खरं लिहिते.

तिथं काँग्रेसमध्ये तुम्ही, ज्यांच्याशी लढून आपण स्वतंत्र झालो त्याच इंग्रजांशी करार करायच्या बाजूनं मत दिलंत, ही बातमी परवा डोंगर ओलांडून आपल्या गावात पोचली. लगेच मॅकनेअर लोहार दारात हजर.

"वहिनी, साहेबांचा जुना कोट द्या की. पुतळा जाळायचाय. नुसत्या पेंढ्याला कोण ओळखणार?"

मी खुंटीवरचा तपकिरी कोट काढला. एक बटण लोंबत होतं, ते शिवून मगच दिला.

"जाळायच्या कोटाला बटण कशाला हो?" तो हसला.

चौकात पुतळा उभा राहिला, तशी आपली पेगी माझा हात सोडून धावली. तुम्ही गेलात तेव्हा ती पाळण्यात होती. तिला तुमची ओळख त्या कोटापुरतीच. "बाबा आले!" म्हणत तिनं पेंढ्याच्या पायांना मिठी मारली.

मॅकनेअरनं मशाल खाली केली. "राहू दे, वहिनी."

मी पेगीला सोडवून कडेवर घेतलं आणि म्हटलं, "पेटवा."

आता ती रिकाम्या खुंटीकडे बघून विचारते. मी सांगते, बाबा येऊन गेले.

तुमची,
जेनेट