सापाचा उकार दीर्घ

तीर्थस्वरूप उरायताईस,

धाकट्या थवीनचे दोन्ही हात जोडून, मान लववून नमस्कार. (अक्षर वाकडंतिकडं आलं असेल, त्याचं कारण पुढे आहे.) तुझे गुडघे कसे आहेत? डुरियनच्या बागेत यंदा माकडं कमी झाली, की त्यांनी आणखी भाऊबंद बोलावून घेतले? इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. म्हणजे प्रानोमचा पाय प्लास्टरमध्ये आहे आणि माझी भूक गेली आहे, बाकी खुशाल. हे सगळं फोनवरच सांगितलं असतं, पण आमच्या घरात रेंज फक्त स्वयंपाकघराच्या खिडकीशी येते आणि त्या खिडकीखाली तुझी भावजय पाय लांब करून बसलेली असते.

तर झालं असं, की प्रानोम शाळेच्या ओल्या पायरीवरून घसरली. दुसरी कुणी असती तर घरी पडून राहिली असती. ही म्हणाली, "माझा पाय मोडला म्हणून पोरांचं शुद्धलेखन मोडायचं का? मी खुर्चीत बसेन. उठबस तुम्ही करा." ताई, तू मला पाळण्यापासून ओळखतेस. मी विजेला भितो, दाताच्या डॉक्टरला भितो, गोगलगाय अंगावर येईल म्हणून पावसाळ्यात चप्पल झटकून घालतो. आणि सर्वांत जास्त मी लहान मुलांना भितो, कारण त्यांना कशाचीच भीती वाटत नाही. पण प्रानोमला नाही म्हणायचं धैर्यही माझ्यात नाही, त्यामुळे मी तिच्या पहिलीच्या वर्गात मदतनीस झालो.

प्रानोमचं म्हणणं असं, की शब्द घोकून घेतले की मुलं अक्षरांना भितात, खेळता खेळता लिहिली की ती त्यांची होतात. (मला लहानपणी कुणी असं शिकवलं असतं तर मी निदान अक्षरांना तरी भ्यालो नसतो.) म्हणून तिच्या वर्गात भिजवलेल्या तांदळाच्या पिठाची अक्षरं वळतात, टबात कागदी मासे सोडून हवं ते अक्षर गळाने पकडतात, आणि जाड दोरांची अक्षरं अंगणात मांडून त्यांवरून तोल सांभाळत चालतात. दोरांचं खातं माझ्याकडे आलं. आता तूच विचार कर. कालव्याचं पाणी शेतात चढलेलं, आजूबाजूचं सगळं सरपटणारं कोरड्या जागेच्या शोधात शाळेच्या उंचवट्यावर आलेलं, आणि माझ्या हातात वेटोळं घातलेला दोर. मी त्या दोराला पाहून दोनदा किंचाळलो. मुलांना हा खेळ बाकीच्या सगळ्या खेळांपेक्षा जास्त आवडला. येता-जाता विचारायची, "लुङ, आज दोरी चावली का?" (सगळी मला लुङच म्हणतात. काका या शब्दाला एवढी कमी किंमत असेल असं मला वाटलं नव्हतं.)

या मुलांत एक मुंगी आहे. खरं नाव लांबलचक आहे, पण अंगापिंडाने एवढीशी, म्हणून सगळे मुंगीच म्हणतात. आईबाप बँकॉकला कारखान्यात, ही इथे आजीपाशी. आल्यापासून शाळेत तिने तोंड उघडलेलं नव्हतं. घरी आजीशी बोलते म्हणे, पण वर्गात एक अक्षर नाही, आणि पाटीवरही नाही. पीठ दिलं की गोळा करून बसायची, गळ दिला की धरून ठेवायची. मुलं "मुकी मुंगी" म्हणून चिडवायची. तिला शब्द येतात की नाही हेच कुणाला कळेना. हेडमास्तरांनी आजीला बोलावून सांगितलं, की सत्र संपेपर्यंत ही लिहिती झाली नाही तर जिल्ह्याच्या गावी वसतिगृहाच्या शाळेत पाठवावी लागेल. आजी घरी जाताना आमच्या फाटकाशी थांबली आणि प्रानोमला म्हणाली, "बाई, ही माझ्या पदराचं टोक धरल्याशिवाय झोपत नाही हो. तिकडे कुणाचं धरेल?" प्रानोम रात्री जेवली नाही. मीही नाही, पण माझी भूक आधीच गेली होती.

दुसऱ्या दिवशी प्रानोमने बाकीची मुलं आपल्यापाशी ठेवली आणि मुंगीला माझ्याबरोबर शाळेच्या मागच्या बाजूला पाठवलं, तिथे पावसाच्या पाण्याचे मोठे रांजण आहेत त्या सावलीत. म्हणाली, "तुम्ही शब्द सांगा, ती वाळूत काडीने लिहील. नाही लिहिलं तरी रागावू नका." (मी रागावणार! त्या मुलीच्या नजरेला नजर द्यायलाही मी घाबरत होतो.) मी रांजणांकडे पाठ करून छोट्या स्टुलावर बसलो, ती समोर उकिडवी. मी म्हणालो, कोंबडी. काडी हलली नाही. अंडं. नाही. म्हैस, होडी, मासा. मुंगी आपली माझ्याकडे बघतेय. मग माझ्या खांद्याच्या जरा मागे बघायला लागली. आणि ताई, तिने काडी खाली टेकवली आणि लिहिलं. ङ, आणि खाली उकार, म्हणजे साप. मी न सांगितलेला शब्द, पण शब्द.

मला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं. तरी प्रानोमच्या संगतीत राहून मला एक रोग जडलाय. मी म्हणालो, "शाब्बास मुंगे. पण सापाचा उकार दीर्घ. साप लांब असतो की नाही? तुझा ऱ्हस्व झालाय." तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी विहिरीत दप्तर पाडलं तेव्हा तू पाहिलं होतंस. मग घाईघाईने उकार लांब केला. मी म्हणालो, "अस्सं. आता त्याचं वाक्य कर बघू." तिने केलं. 'ङू हलाङ लुङ.' मी एकेक शब्द तपासला. ङूचा उकार दीर्घ, बरोबर. 'हलाङ', म्हणजे 'मागे', लिहिताना त्यातला मुका ह बहुतेक मुलं गाळतात, तोही हिने सोडला नव्हता. लुङचा उकार ऱ्हस्व, बरोबर. एकही चूक नाही. आणि मग मला त्याचा अर्थ लागला.

साप काकांच्या मागे.

मी मान वळवली नाही. वळलीच नाही. रांजणाच्या ओल्या तळाशी काहीतरी घासत गेल्यासारखा आवाज आला, मग फुत्कार. मी स्टुलाला चिकटलो, आणि डोक्यात एकच विचार, की मी पळालो तर हा समोरच्या एवढ्याशा पोरीकडे जाईल, आणि नाही पळालो तर माझ्याकडे येईल. दोन्हींतलं एकही मला नको होतं. तेवढ्यात एक बारीक, खरखरीत आवाज आला. कुणाचा ते मला आधी कळलंच नाही.

"लुङ, हलू नका. फणा काढलाय. आजी म्हणते हलायचं नाही."

मी हललो नाही. यात माझं शौर्य काहीच नव्हतं. नाग माझ्या चपलेच्या टाचेवरून गेला (टाच गार पडली, ती अजून तशीच आहे), आमच्या दोघांच्या मधून वाळूत उतरला, सगळं वाक्य पुसत गेला आणि कुंपणाखालून शेतात निघून गेला. मुंगी तोपर्यंत पापणी न लववता मला सांगत होती, "डोकं खाली गेलं... आता शेपूट... आता गेला, लुङ." मग मी स्टुलावरून पडलो.

प्रानोम कुबडी टेकत आली तेव्हा मुंगी सगळ्या वर्गाला सांगत होती, "मी साप लिहिला आणि लुङनी आधी उकार दुरुस्त केला." गावभर हेच झालं आहे. चहाच्या टपरीवर मला बघून लोक विचारतात, साप दीर्घ होता का? हेडमास्तरांनी वसतिगृहाचा विषय बंद केला. आजी केळीच्या पानात बांधलेला चिकट भात घेऊन आली आणि माझे हात धरून रडली. मी पण रडलो, माझं कारण थोडं वेगळं होतं.

बाकी सर्व ठीक. भाऊजींच्या फोटोला माझा नमस्कार सांग.

तुझा,
थवीन

ता. क. : मुद्द्याचं राहिलंच. सोमवारपासून प्रानोमने नवा खेळ काढला आहे. मुलांना घेऊन शेताच्या बांधावरून चालायचं आणि जे दिसेल त्याचं नाव लिहायचं. बांधावर काय दिसतं ते मला माहीत आहे. तरी पत्र मिळताच प्रानोमला फोन करून सांग, की तुझे गुडघे पार गेलेत आणि माकडं हाकलायला भाऊ हवा. माकडांनाही मी भितो, पण ती निदान दिसतात.

ता. ता. क. : पाकीट चिकटवणार एवढ्यात मुंगी फाटकाशी आली. म्हणाली, "सोमवारी येणार ना लुङ? तुम्ही मागे बघत नाही, म्हणून मी मागून चालीन." तेव्हा फोन करू नकोस, गुडघे बरे असू देत. फक्त भाऊजींचे बागेतले गुडघ्यापर्यंतचे गमबूट असतील तर पाठव, आणि तुझ्या नातवाचा लहान झालेला एक जोड. मोठे सापडले नाहीत तर राहू देत. लहान मात्र पाठवच.